पेपरमिंटच्या डबीतलं औषध

गादी विकण्यात माझा हात धरणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. ही फुशारकी नव्हे, नुसती माहिती देतोय. उशीचा अभ्रा घ्यायला आलेल्या माणसाला मी डबल बेड घेऊन घरी पाठवलेलं आहे. एकदा एक गृहस्थ पत्ता विचारायला आत आले आणि जाताना सोफा-कम-बेड घेऊन गेले. पत्ता विचारायचा राहूनच गेला. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या चालीवरून मी सांगतो, हा पाठीवर झोपतो की कुशीवर, आणि घरी पांघरूण कोण ओढतं.

असा मी एके दिवशी दोन उशा घेऊन शोरूमचा जिना चढत होतो. निम्म्यात आलो आणि थांबलो. उशा कापसाच्या, पण छातीवर कुणीतरी सागवानी पलंग आणून ठेवावा आणि वर स्वतःही बसावं, तसं झालं. भिंतीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं पलंग उचलला गेला. मी निदान केलं, गॅस. आमच्या घराण्यात मानेपासून गुडघ्यापर्यंत जे जे दुखतं ते सगळं गॅसमुळेच दुखतं.

घरी सहज बोलून गेलो, तर हिनं हातातलं काम खाली ठेवलं. "जिना चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, एवढा शहाणा गॅस मी पाहिलेला नाही," असं म्हणाली आणि मला चप्पल घालायला लावली.

डॉक्टर आमच्या शोरूमपासून दोन दुकानं सोडून. तपासण्या झाल्या, ईसीजीची पट्टी काढून झाली. रक्तदाब चढलेला होता आणि हृदयाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या होत्या. याला अंजायना म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. माणूस श्रम करायला लागला की हृदय जास्त रक्त मागतं आणि नळी म्हणते, आहे एवढंच आहे, त्यात भागव. मग हृदय कळवळतं. दाबासाठी रोज सकाळी एक गोळी, ठरल्या वेळी, बरं वाटो वा न वाटो, आणि स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. दुसरी गोळी जिभेखालची. छातीत दुखलं की आधी बसायचं, मग ती जिभेखाली ठेवायची. चावायची नाही, गिळायची नाही. उभ्यानं घेतली तर दाब एकदम उतरतो आणि माणूस धाडकन आडवा होतो. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही तर वाट बघत बसायचं नाही, अॅम्ब्युलन्स बोलवायची. आणि शेवटचं म्हणजे, ज्या काचेच्या बाटलीत गोळ्या येतात त्याच बाटलीत त्या ठेवायच्या, झाकण घट्ट लावून, आणि बाटली कायम खिशात.

डॉक्टर हे सांगत असताना, गिऱ्हाईक आपल्या पाठीचं दुखणं सांगतं तेव्हा मी जशी हलवतो तशी मान हलवत होतो. म्हणजे समजूतदारपणे, आणि मनात दुसराच विचार करत.

तो दुसरा विचार असा. माझ्याआधी आमच्याकडे एक जुने विक्रेते होते. त्यांची कंबर धरली. मालकांनी मोठ्या प्रेमानं त्यांना मागच्या खोलीत टेबल-खुर्ची दिली आणि तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन त्यांची कंबर सुधारली, पण कान गेले. मला त्या खोलीत जायचं नव्हतं. तेव्हा ठरवलं, दुकानात याचा कुणाला वासही लागू द्यायचा नाही. हिलाही बजावलं, एका शब्दानं बोलायचं नाही. ती म्हणाली, "बरं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिच्या 'बरं'चे एकूण किती अर्थ होतात याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

पहिली अडचण बाटलीची. चाललो की ती खिशात वाजायची. गादी दाबून दाखवायला वाकलो की खुळखुळ, सरळ झालो की खुळखुळ. एका गिऱ्हाइकाच्या कडेवरचं बाळ माझ्या खिशाकडे झेपावलं आणि तो खुळखुळा मिळेना म्हणून असं रडलं की पुढची सगळी बोलणी त्या रडण्यात वाहून गेली. संध्याकाळी कॅशवरच्या बाईंनी विचारलंच, "काका, खिशात काय घेऊन फिरता?"

मी डोकं चालवलं. माझ्याकडे पेपरमिंटची चपटी पत्र्याची डबी होती. त्यातल्या पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन संपवल्या आणि बाटलीतल्या सगळ्या त्या डबीत ओतल्या. त्याही पांढऱ्या, याही पांढऱ्या. मापाला थोड्या लहान, एवढंच. तरी पत्रा वाजायचाच. मग फाटलेल्या उशीतला चिमूटभर कापूस काढला आणि गोळ्यांच्या खाली-वर नीट अंथरला. त्यांनाही मी गादी-उशी दिली म्हणा ना. डबी अशी गप्प झाली की मलाच माझं कौतुक वाटलं. रिकामी बाटली घरी मोज्यांच्या कप्प्यात मागे लपवली. डबी कधी खिशात, कधी काउंटरवर दिव्याखाली. पेपरमिंटच्या डबीकडे कोण बघतंय?

सकाळच्या गोळीचंही मी माझं एक शास्त्र तयार केलं. बरं वाटत असेल त्या दिवशी गोळी कशाला? औषध म्हणजे छत्री, ऊन असताना कोण उघडतं? हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय." पण गोळी हातात देऊन ती स्वयंपाकघरात वळली की कधी कधी ती गोळी कुंडीत जायची. त्या कुंडीतल्या झाडाचा रक्तदाब आज आदर्श असेल.

दरम्यान दुकानात मला एका कटाचा सुगावा लागला.

आधी मालक म्हणाले, "काका, बसा हो जरा, किती वेळ उभे राहता." आमचे मालक इतक्या वर्षांत कुणाला बसा म्हणालेले नव्हते. बसवायचं ते गिऱ्हाइकाला, असा त्यांचा दंडक. मग माझ्यासाठी काउंटरमागे एक उंच खुर्ची आली. मग गोदामातला पैलवान, जो हाक मारल्याशिवाय कधी येत नाही आणि हाक मारल्यावरही येईलच असं नाही, तो मी गादीला हात लावला की कुठूनतरी उगवायचा आणि ती माझ्या हातातून काढून घ्यायचा. कॅशवरच्या बाई मला जिन्याकडे जाताना पाहिलं की म्हणायच्या, "काका, लिफ्टनं जा ना." मला सगळं लख्ख दिसलं. मला हळूहळू बाजूला सारायचं चाललं होतं. आज उंच खुर्ची, उद्या मागची खोली.

म्हणून मी दुप्पट जोमानं कामाला लागलो. खुर्चीत बसेचना. पैलवानाशी माझी एकदा सिंगल गादीवरून रस्सीखेचही झाली. ती तोच जिंकला. पण एक खरं, त्या दिवसांत छातीत एकदाही दुखलं नाही. त्याचं श्रेय मी माझ्या मनोबलाला दिलं.

आणि मग वसतिगृहाच्या रेक्टरबाई यायचा दिवस उजाडला.

मुलींचं मोठं वसतिगृह, सगळ्या खोल्यांतल्या गाद्या बदलायच्या होत्या. एवढी ऑर्डर वर्षातून एखादीच येते. ती मी मिळवली की मागच्या खोलीचा विषय कायमचा मिटला, असं माझं गणित होतं. सकाळी गडबडीत होतो, गोळी पुन्हा झाडाला दिली आणि निघालो.

रेक्टरबाई आल्या. उंच, ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर. दुकानात शिरताच त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की पैलवानानं चटकन शर्टाचं वरचं बटण लावलं. मालकही वरच्या मजल्यावरून स्वतः खाली आले. त्यांचे डोळे टोमॅटोसारखे लाल होते. ऑर्डरच्या काळजीनं झोप लागली नसेल, असं मी समजलो.

मी पलंगाखाली वाकून, आतला खण कसा सरकतो ते बाईंना दाखवत होतो. माझं डोकं पलंगाखाली, पाय बाहेर. वरून मालकांचा आवाज आला. जेवणात लसूण जरा जास्तच झाला, काउंटरवरचं तुमचं पेपरमिंट घेतोय हो काका, असं काहीतरी ते म्हणत होते. मी उठायला गेलो, डोकं पलंगाच्या फळीवर आपटलं. बाहेर आलो तेव्हा मालकांचे गाल हलत होते.

"किती घेतल्या?" मी विचारलं.

"दोन. काही दम नाही हो यात. चवच नाही." असं म्हणत त्यांनी डबी सवयीनं स्वतःच्या पँटच्या खिशात टाकली आणि बाईंकडे वळले.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? दोन गोळ्या, तोंडात, आणि माणूस उभा. डॉक्टरांचा धाडकन हा शब्द माझ्या कानात धाडकन वाजला. मी मालकांच्या मागे जाऊन हळूच म्हणालो, "मालक, थुंका."

त्यांना वाटलं, शर्टाला काहीतरी लागलंय. त्यांनी कॉलर झटकली. मी स्वतःची जीभ बाहेर काढून तिच्याकडे बोट दाखवलं. नेमकं त्याच वेळी रेक्टरबाईंनी वळून पाहिलं. त्यांच्या वसतिगृहात याला काय शिक्षा होती कोण जाणे, पण त्यांच्या चेहऱ्यावर ती मला स्पष्ट दिसली.

थुंकत नाहीत तर निदान बसू देत, म्हणून मी मालकांचा दंड धरला आणि त्यांना दर्शनी काचेजवळच्या पलंगाकडे ओढू लागलो. "बसा मालक. बसूनच बोला. नाहीतर आडवेच व्हा." मालकांना वाटलं, ही माझी विक्रीची नवी युक्ती. ते खुश झाले. बूट काढले, पलंगावर बसले, बाईंकडे पाहून हसले आणि आडवे होत म्हणाले, "बघा बाई, या गादीचं वैशिष्ट्य असं आहे की पाठ टेकली की..."

आणि थांबले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळत.

"की काय?" रेक्टरबाईंनी विचारलं.

मी मालकांना हलवलं. ते हलले, पण भाजीच्या पिशवीसारखे. हाक मारली, गाल थोपटले. नाही. मी मालकांना मारलं, हे एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. पेपरमिंटच्या डबीनं. उद्या लोक काय म्हणतील?

रेक्टरबाई मात्र पलंगाजवळ येऊन वाकून त्यांना निरखत होत्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी मान हलवली. "ही गादी नको. पडल्या पडल्या माणूस झोपतो म्हणजे फार झालं. परीक्षेच्या दिवसांत माझ्या मुली उठायच्याच नाहीत. जरा टोचणारं काही आहे का?"

एवढ्यात माझ्या छातीवर तो सागवानी पलंग पुन्हा येऊन बसला. या वेळी त्यावर बसणारेही जास्त असावेत. डावा हात जड झाला, कपाळाला घाम फुटला. गोळी पाहिजे होती, आणि गोळी मालकांच्या खिशात. खिसा उजवा, आणि मालक उजव्या कुशीवर वळून पडलेले. मी पलंगावर गुडघा टेकला, एका हातानं त्यांना उचलून धरलं आणि दुसरा हात त्यांच्या खिशात घातला.

"अहो! शुद्ध हरपलेल्या माणसाचा खिसा काय चाचपता?" रेक्टरबाईंचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. त्यांना बेशुद्धी आणि झोप यांतला फरक आत्ताच कसा काय कळला, हे विचारायला मला वेळ नव्हता. कॅशवरच्या बाई धावत आल्या. डबी हाती लागली होती. आधी बसायचं, मग गोळी, हे त्याही अवस्थेत आठवलं. बसायला जागा मालकांच्या शेजारचीच. बसलो, उशीला टेकलो, गोळी जिभेखाली ठेवली आणि तोंड मिटलं.

आता मला बोलता येईना. रेक्टरबाई जाब विचारताहेत, हा काय प्रकार आहे, तुम्ही यांना काय दिलंत, आणि मी ओठ घट्ट मिटून, घामाघूम, त्यांच्याकडे बघतोय. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे सांगण्यासारखं खरोखर काहीतरी होतं. खूण करून डबी दाखवली, छाती दाखवली, मालक दाखवले. रेक्टरबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की आम्ही दोघांनी मिळून काहीतरी खाल्लंय.

काचेबाहेर माणसं जमायला लागली. दोन मध्यमवयीन पुरुष एका डबल बेडवर शेजारी शेजारी, एक बिनबुटाचा, एक बुटांसकट, आणि डोक्यावर पाटी: 'जोडीनं या, सवलत मिळवा.' कुणीतरी मोबाइल वर धरला. छातीतलं दुखणं जागचं हलेना. गोळी विरघळायचं नाव घेत नव्हती, खडूच्या तुकड्यासारखी नुसती पडून होती. मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो. गंमत म्हणून सांगतोय हे आता. तेव्हा एवढंच वाटलं, हिला सकाळी नीट येतो म्हणूनही सांगितलं नाही.

तेवढ्यात काचेबाहेरची गर्दी मधोमध फाटली आणि ही आत आली.

झालं होतं असं, की धुतलेले मोजे ठेवायला हिनं कप्पा उघडला आणि मागे ती रिकामी बाटली सापडली. बाटली बघून ही सरळ औषधाच्या दुकानात गेली, नवी बाटली घेतली आणि तशीच इकडे निघाली. दारात पाऊल टाकलं तर समोर हे दृश्य. दुसरी बायको किंचाळली असती. हिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या छातीवरच्या हाताकडे पाहिलं, डबी उचलून उघडली, आतला कापूस दोन बोटांत धरला. चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही. नव्या बाटलीचं सील तोडलं आणि म्हणाली, "ती थुंका. आ करा. जीभ वर."

मी आ केला. कॅशवरच्या बाईंना तिनं डॉक्टरांकडे पाठवलं आणि अॅम्ब्युलन्सला स्वतः फोन लावला. पत्ता सांगताना आवाज अगदी शांत होता, पण दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट असं धरलं होतं की पुढे दोन दिवस वळ राहिला.

नवी गोळी जिभेखाली गेली तशी चुरचुरली, डोक्यात ठणका सुरू झाला, आणि हळूहळू छातीवरचे एकेक जण उठून जायला लागले. शेवटी पलंगही उचलला गेला.

डॉक्टर आले. आधी मला तपासलं, मग मालकांकडे वळले. हिनं त्यांना डबी दाखवली, मी खुणेनं दोन बोटं दाखवली. त्यांनी मालकांचा दाब पाहिला, नाडी पाहिली, पापणी वर केली. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. त्यांनी मालकांच्या कानाची पाळी जोरात ओढली.

"उद्या डिलिव्हरी देतो," मालक डोळे न उघडताच म्हणाले आणि कुशीवर वळून घोरायला लागले.

"हे झोपलेत," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कापूस वर धरून आम्हाला समजावलं. हे औषध फार नाजूक असतं, म्हणून काचेच्या बाटलीत देतात. पत्र्याच्या डबीत, दिव्याखाली ठेवलं तर ते उडून जातं. आणि उरलंसुरलं होतं ते या कापसानं पिऊन टाकलं. मालकांनी खाल्ला तो जवळजवळ नुसता खडू. "ते त्यांचं नशीब," ते म्हणाले. "औषध ताजं असतं तर उभ्या उभ्या कोसळले असते, डोकं फुटलं असतं. आणि तुम्ही या डबीच्या भरवशावर जिना चढत होतात. यापुढे छातीत दुखलं की कापूसच चघळा. औषध सगळं त्यातच आहे." हे सांगताना ते हसले नाहीत.

अॅम्ब्युलन्स आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आत शिरली. पलंगावर एक जण उशीला टेकून डोळे उघडे ठेवून बसलेला, दुसरा तोंड उघडं टाकून निपचित. त्यांनी विचार न करता मालकांना उचललं, पट्टे बांधले आणि निघालेसुद्धा. "ते नव्हेत हो," ही मागे धावली, "हे! आमचे हे!" तोपर्यंत मालक दारापर्यंत पोचले होते. तिथे वाऱ्यानं त्यांना जाग आली. आपण पट्ट्यांनी बांधलेलो, बाहेर गर्दी, मागे रडवेल्या कॅशवरच्या बाई. त्यांनी जो आवाज काढला तो ऐकून बघ्यांतले निम्मे पळाले.

रेक्टरबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, की इतका खटाटोप करून गादी दाखवणारं दुकान त्यांनी दुसरं पाहिलं नाही.

हॉस्पिटलात कळलं की झटका आलेला नव्हता, पण येण्याच्या वाटेवर मात्र होता. मला देखरेखीखाली ठेवलं. ही खुर्चीत बसून होती. मी विनोद करून पाहिला, तिनं दाद दिली नाही. मग म्हणाली, "बाटली तुमच्या खिशात आहे, या एका गोष्टीवर मी दिवसभर निर्धास्त असते. भांडं पडलं, फोन वाजला, तरी म्हणते, बाटली आहे ना. आणि ती मोज्यांत." एवढंच. कुंडीबद्दल सांगायचं तर त्या दिवशी धाडसच झालं नाही. ते पुढे झाडानंच सांगितलं, पानं गाळून.

दुसऱ्या दिवशी मालक भेटायला आले. मी उशीला टेकून, आवाज शक्य तितका अशक्त करून सगळं कबूल केलं. दुखणं, डबी, लपवाछपवी. म्हटलं, आता मागच्या खोलीत टाका, तक्रार नाही.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघायला लागली.

"काका," ते म्हणाले, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. वहिनी येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, त्यांना जिना नको, ओझं नको, आणि आम्हाला कळलंय हे तर त्यांना कळायलाच नको. खुर्ची मी का आणली? तुमच्या हातातली गादी काढून घेताना त्या पैलवानाच्या मानेला लचक भरली, माहितेय?"

म्हणजे माझं मनोबल ते हेच. पैलवान, लिफ्ट आणि एक उंच खुर्ची. सगळं दुकान दोन महिने माझ्यापासून लपवत होतं की मी त्यांच्यापासून काय लपवतोय. मी पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

मालकांनाही मग मोकळं व्हावंसं वाटलं. त्यांच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या होत्या. एक झोपली की दुसरी उठायची. महिनाभर त्या माणसानं सलग डोळा मिटलेला नव्हता. गादीला पाठ टेकली, पुढचं त्यांना आठवत नाही. अशी झोप पुन्हा कधी मिळेल, असं ते फार हळवे होऊन म्हणाले. रेक्टरबाईंनी ऑर्डर दिली होती. सगळ्यात कडक, आमच्याकडे गोदामात तळाशी पडून असलेला माल. गोदाम मोकळं होणार म्हणून पैलवान खुश होता.

ते गेले आणि सिस्टर दाब मोजायला आल्या. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला. मला तोवर बरंच बरं वाटायला लागलं होतं, आणि रात्रभर एक गोष्ट मनात खुपत होती, म्हणजे खरोखरच खुपत होती. मी म्हटलं, सिस्टर, राग मानू नका, पण या तुमच्या गाद्या. मधोमध खड्डा, कडेला टेकाड. रोग्याची पाठ आधी बरी असेल तर इथे बिघडेल. आमच्याकडे एक प्रकार आहे, वरून मऊ, आतून भक्कम, धुता येणारं कव्हर. अख्ख्या वॉर्डाला घेतल्या तर मी मालकांशी बोलतो. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना मी कधी भेटू?

सिस्टरनं यंत्राकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "बोलू नका. बोललात की आकडा चढतो."

मी गप्प बसलो. नाइलाज होता. सिस्टरनं पट्ट्यात पुन्हा हवा भरली, सोडली. खोलीत इतकी शांतता होती की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी वळून पाहिलं.

"बघा, कसा छान उतरला," सिस्टर म्हणाल्या. "अजिबात बोलायचं नाही, म्हणजे असाच राहील."

कालपासून पहिल्यांदाच ही खुर्चीतून उठली. पर्समधून तिनं डॉक्टरांची चिठ्ठी काढली, सिस्टरपुढे धरली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सिस्टर, हे तेवढं यात लिहून देता? दिवसातून किती वेळा, तेही लिहा."